पाडव्याची नवी फाईल

माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही. तेव्हा लोकांचा माझ्यावर बसला नाही, याचं मला नवल वाटायला नको होतं. पण त्या दिवाळीत वाटलं, आणि मनाला लागलंही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कागलच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटरवर हंगामी ऑपरेटर होतो. कॉम्प्युटर एकच, तोही एसीच्या खोलीत. चपला बाहेर काढून देवळात शिरल्यासारखं आत जायचं. कुणाच्या उसाची लागण, म्हणजे लावणी, कधीची, या नोंदी त्यात भरायच्या आणि त्यावरून तोडणीचा क्रम लागायचा. क्रम मागे पडला की ऊस उभ्याउभ्या वाळतो, म्हणून सगळ्या गावांचा डोळा त्या खोलीवर. आमच्या आबांचा ऊसही त्याच नोंदीत. बापाचा ऊस आणि पोराच्या हातात किल्ली, लोकांना बोलायला एवढं पुरे होतं. या हंगामात तुला कायम करतो, असं शेतकी अधिकारी म्हणाले होते. मी त्यावरही अर्धाच विश्वास ठेवला होता.

प्रोग्रॅम पुण्याच्या एका माणसानं बसवला होता. प्रोग्रॅम एकीकडे, नोंदींच्या फायली दुसरीकडे, आणि त्या कुठून उघडायच्या हे सांगणारी एकच ओळ एका छोट्या फाईलमध्ये. ती ओळ जिथली जागा दाखवील तिथलंच पडद्यावर दिसायचं.

पाडवा गावी करून कामावर आलो, मशीन सुरू केलं, तर नोंदी गायब. पडद्यावर फक्त ‘श्री’, तेही इंग्रजी अक्षरांत.

शेतकी अधिकारी मागेच उभे होते. "श्री सोडून सगळं पुसलंस व्हय रं? देवाला तेवढा भ्यालास!"

"साहेब, मी पाडव्याला इथं नव्हतोच."

"म्हणून तर इचारतोय. जायच्या आधी काय करून गेलतास?"

त्यांनी किल्ली काढून घेतली आणि मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं. कायम करायचं राहू दे, आता पोलिसात देतो म्हणाले. बाहेर शेतकरी जमलेच होते. "आता नोंदी नव्यानं हुणार की. मग बघा, ह्याच्या बाऽचा ऊस पयला!" असं कुणीतरी मला ऐकू जाईल इतपत हळू बोललं. मी खाली मान घालून बसलो आणि मनातल्या मनात एकेकाला धरायला लागलो. साहेब, दुसरा ऑपरेटर, झाडणारी बाई, चहावाला. चहावाल्याला तर मशीन कुठून सुरू होतं तेही ठाऊक नव्हतं, तरी त्याला सोडला नाही.

मग डोक्यात आलं: इतक्या नोंदी पुसल्या असतील तर डिस्कवर जागा मोकळी झाली असणार. ती बघू द्या, म्हणून साहेबांच्या मागेच लागलो.

"हात लावायचा न्हाय. तू सांग, मी दाबतो."

मी अक्षरं सांगत गेलो, साहेब एका बोटानं शोधून शोधून दाबत गेले. प्रत्येक बटणापाशी थांबून विचारायचे, "ह्यानं काय हुतंय?" बटणाच्या आड मी काहीतरी लपवलंय असा त्यांचा चेहरा. मोकळी जागा पूर्वीइतकीच निघाली. म्हणजे नोंदी होत्या, फक्त दिसत नव्हत्या. मग ती जागा सांगणारी ओळ उघडायला लावली. तिथं भलतंच नाव होतं: पाडवा.

साहेबांनी ते नाव दोनदा वाचलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाडव्याला मशीनची पूजा झाल्यावर त्यांनीच पूजेला आलेल्या पुण्याच्या माणसाला सांगितलं होतं, "आज जुन्या वहीत कोण लिवतंय? नवी उघड." तो एस.टी. गाठायच्या घाईत. त्यानं नवी रिकामी जागा केली, ओळ तिकडे वळवली, साहेबांच्या हातून श्री लिहून घेतलं आणि गेला. पेढीवर नवी वही उघडली तरी जुनी गादीशेजारी दिसत असते. इथं जुनी दिसायचीच बंद झाली, हे साहेबांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ओळ पूर्ववत केली. सगळी गावं, सगळी शिवारं पडद्यावर हजर.

"हाय की सगळं! उगंच घाबरवलंस." साहेब हसले, किल्ली माझ्या हातात दिली, कायम करायचा कागद उद्याच काढतो म्हणाले. दार उघडून बाहेर ओरडले, "सापडलं रे!" कसं सापडलं, ते काही बोलले नाहीत.

"सापडलं, का परत ठिवलं?" गर्दीतून आवाज आला आणि लोक हसले. मी साहेबांकडे बघितलं. ते चपला घालत होते. मला इतका संताप आला की किल्ली त्यांच्या पाठीवर फेकावीशी वाटली. फेकली नाही. नोकरी हवी होती.

घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आबा सोप्यात बसले होते. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं: पाडवा, नवी जागा, ती ओळ, साहेबांचं एक बोट. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या मायेनं त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"असू दे लेकरा," ते म्हणाले. "परत ठिवलंस, ते लई चांगलं केलंस."