बेंगळुरू हुबळीजवळ आहे

असले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घडतात तेव्हा अंगाचा तिळपापड झालेला असतो, आणि घरी फोनवर आपण "सगळं छान आहे" एवढंच सांगतो. आयर्लंडमधली सात वर्षं संपवून मी हुबळीला परत आले, विद्यानगरात परदेशी निघालेल्या नर्सना इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा पोरी विचारू लागल्या, मॅडम, तिकडे आपल्याला कसं वागवतात? एक सांगितलं की त्याच्या मागून दुसरं निघतं. आता माझ्या क्लासमध्ये ग्रामर कमी आणि हेच जास्त चालतं.

आम्ही तिघी होतो, एका छोट्या गावातल्या केअर होममध्ये. म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी राहायची जागा, चोवीस तास नर्स असलेली. मंदाकिनी अक्का सगळ्यांत मोठी. हुबळीच्या बौद्ध घरातली, वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. शोभा धारवाडची, वकिलांची मुलगी, तोंडाला कधी कुलूप नाही. आणि मी, देशपांडे नगरची. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असंच तिघींचं वाढणं.

*

सुरुवात विमानतळावरच झाली. काउंटरवरच्या माणसानं पासपोर्ट उलटासुलटा केला आणि गाव विचारलं. हुबळी म्हटलं. हे कुठं आलं, त्याला कळेना. मग त्याचा चेहरा उजळला. बेंगळुरूजवळ का, म्हणाला. त्याच्या हिशेबानं आख्खा इंडिया बेंगळुरूजवळ असावा!

रात्रभर झोप नव्हती, पाय सुजले होते. मी म्हटलं, "नाही. बेंगळुरू हुबळीजवळ आहे."

त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि शिक्का मारला. पुढची सात वर्षं मी हेच उत्तर दिलं. एकानंही हरकत घेतली नाही.

*

पहिल्या आठवड्यात छातीवर लावायचे बिल्ले आले. शोभाचं नाव नीट होतं, माझंही. अक्काच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, मँडी.

अक्का तो घेऊन मॅनेजरबाईंकडे गेली. बाई स्वभावानं चांगल्या. समजावून सांगायला लागल्या की मंदाकिनी फार लांब आहे, इथल्या म्हाताऱ्यांना जमायचं नाही, मँडी कसं सोपं आणि गोड आहे.

या बाईंचं नाव शिव्हॉन. स्पेलिंग असं की वाचणारा सरळ 'सिओभान' म्हणणार. अक्कानं त्यांच्याच बिल्ल्यावर बोट ठेवलं.

"यातली निम्मी अक्षरं तुम्ही म्हणतच नाही. तरी मी एका दिवसात शिकले. माझ्या नावातलं प्रत्येक अक्षर म्हणायचं असतं, म्हणजे तुम्हाला सोपंच."

चार दिवसांनी नवा बिल्ला आला. आणि सांगू का, सात नंबरच्या खोलीतली नव्वदीची आजी 'मंदाकिनी' इतकं स्वच्छ म्हणायची की आमच्या नातेवाइकांनासुद्धा तसं जमत नाही.

*

जवळच्या शहरात मराठी मंडळ होतं. दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही हौसेनं गेलो, साड्या नेसून, दोन बस बदलून. दारातच एका बाईंनी विचारलं, कुठल्या तुम्ही? हुबळी-धारवाड म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अय्या, म्हणजे कानडी! पण मराठी किती छान बोलता."

कामावर गोऱ्यांकडून इंग्रजीचं कौतुक ऐकून घ्यायचं आणि इथं येऊन मराठीचं! कन्नड संघात गेलो तर तिथं आम्ही मराठी ठरणार, हेही माहीत होतं.

मग ओळखीचा कार्यक्रम झाला. एकेकानं उठून नाव, गाव, काम सांगायचं. शोभाची पाळी आली. तिनं सगळं मराठीत सांगितलं, आणि खाली न बसता तेच पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत कन्नडात सांगितलं. धारवाडी कन्नड, अगदी बाजारात बोलतात तसं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. "आमच्या घरी दोन्ही लागतात," ती म्हणाली, "एक ठेवून आले असते तर अर्धीच ओळख झाली असती."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. मंडळाचे खजिनदार, कडक इस्त्रीचा झब्बा. शोभाकडे बघत ते कन्नडात बोलू लागले. सीमेवरच्या जतजवळच्या खेड्यातले होते, घरात आईशी कन्नडच बोलायचे, आई गेल्यापासून कोणाशीच बोलले नव्हते.

शेजारी त्यांची दहावीतली मुलगी बसली होती. ती आईला विचारत होती, "बाबा कुठली भाषा बोलतायत?"

*

नाताळच्या आधी केअर होममध्ये एक मदतफेरी निघाली, म्हणजे चहा-केक देऊन पैसे गोळा करायचे, भारतातल्या गरीब मुलांसाठी. शोभाला सांगण्यात आलं की साडी नेसून ये आणि तुझ्या लहानपणाबद्दल चार शब्द बोल. कोणत्या प्रकारचे शब्द, ते तिला बरोबर कळलं.

ती इरकली नेसून आली. म्हाताऱ्यांचे नातेवाईक जमले होते, केक होता, पाठीमागे उघड्या अंगाच्या एका पोराचा मोठा फोटो लावला होता. शोभानं सांगितलं की आमच्याकडे गरिबी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण तिच्या लहानपणी घरात वडिलांची पुस्तकं होती, सतारीचा क्लास होता आणि दारात पेरूचं झाड होतं. त्यामुळे गरिबीवर बोलायची तिची लायकी नाही. जे डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच ती सांगेल. बारा नंबरच्या आजोबांना भेटायला ऑगस्टनंतर कोणी आलेलं नाही. नऊ नंबरच्या आजी रोज दुपारी लिपस्टिक लावून दाराकडे तोंड करून बसतात.

"त्यांच्यासाठी धारवाडात मदतफेरी काढायची असेल तर सांगा. मी बाबांना फोन करते."

शिव्हॉनबाई लालबुंद झाल्या. आम्हाला वाटलं, शोभाची नोकरी गेली. पण पुढच्या रविवारी केअर होमच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नव्हती.

घरी येताना आम्ही दोघी हसत होतो. अक्का नाही हसली. बसमध्ये तिनं हळूच विचारलं, "शोभा, तुझ्या आईबाबांकडं आता कोण असतं गं?"

त्या रविवारी शोभानं घरी दोन तास फोन केला. मीही केला.

*

आता अक्काचं सांगते. पोरींना हे मी सगळ्यांत शेवटी सांगते.

चार नंबरच्या खोलीत एक म्हातारा होता. पूर्वी मोठी शेती असलेला, मधुमेही. पहिल्याच दिवशी तो अक्काला म्हणाला, तुझे हात मला लावायचे नाहीत, आमच्यातली कोणीतरी पाठव. अक्का बाहेर आली. मला वाटलं, रडेल. ती सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "हे वाक्य मी लहानपणी मराठीत ऐकलंय, कन्नडात ऐकलंय. आता इंग्रजीतपण झालं."

शिव्हॉनबाईंनी तोडगा काढला. अक्काला दुसऱ्या मजल्यावर टाकू, म्हणजे वाद नको. अक्का म्हणाली, चालेल, फक्त लेखी द्या, आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा. बाईंनी पेन उचललं, बराच वेळ धरून ठेवलं आणि खाली ठेवलं. अक्का त्याच मजल्यावर राहिली. महिनाभर म्हातारा तिला बघून भिंतीकडे तोंड करायचा. ती रोज दारात उभी राहून गुड मॉर्निंग म्हणायची, नकार ऐकायची, फाइलमध्ये नकार लिहायची आणि त्याच्या औषधाला दुसऱ्या नर्सला पाठवायची.

एका सकाळी दुसरी नर्स रजेवर होती. अक्का दारात गेली तर म्हातारा घामानं चिंब, ओठ थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बडबडतोय. साखर एकदम उतरली होती. त्या दिवशी नको म्हणायलाही तो शुद्धीवर नव्हता. अक्कानं त्याला एका हाताच्या कवेत टेकवून बसवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याच्या गालाच्या आत ग्लुकोज चोळत राहिली. मी साखर मोजायचं मशीन धरून शेजारी उभी होते. पंधरा मिनिटांनी त्याची नजर ठिकाणावर आली. डोकं अजून तिच्या खांद्यावरच होतं. त्यानं ते काढलं नाही.

त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "तू तुझ्या बाकीच्या लोकांसारखी नाहीस."

अक्कानं त्याची उशी नीट केली, आकडा फाइलमध्ये लिहिला, पेनाचं टोपण लावलं.

"मी अगदी त्यांच्यासारखीच आहे," ती म्हणाली. "दुपारी शोभा येईल. तीपण तशीच आहे."