खोली नंबर तीन कोणासाठी

"ही कोणासाठी बनवलीस, बेटा?"

महासतीजी, म्हणजे इथल्या थोरल्या जैन साध्वी, उंबऱ्याबाहेर काठी टेकून उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पांढरी वस्त्रं, तोंडावर बांधलेली मुहपत्ती, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांच्या जुन्या खोलीपासून इथपर्यंत चाळीस पावलं. तेवढ्याला त्यांना दहा मिनिटं लागली होती. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं (साध्वींनाही महाराज साहेबच म्हणतात), "तुमच्यासाठीच, महाराज साहेब. इंच न् इंच तुमच्यासाठी."

त्यांनी उचललेलं पाऊल मागे घेतलं. मग आम्हाला नाही चालायची, म्हणाल्या, आणि भिंत धरून आल्या तशा परत निघाल्या.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. इमारत कशी दिसेल ते आर्किटेक्ट बघतो, ती डोक्यात पडणार नाही हे मी बघते. वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच एखादा 'मतलब' घुसतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर मतलब, ही इमारत जुन्या शहरातल्या एका विद्यापीठाची. संस्कृत आणि प्राकृत शिकवतात. ज्या शेठजींनी आपली हवेली दान दिली त्यांनी अट घातली होती, की मागच्या बाजूला जैन साध्वींना राहू द्यायचं. म्हणून पुढे वर्ग, मागे साध्वी. बाकीच्या येऊन-जाऊन असतात. महासतीजी गुडघ्यांमुळे कायमच्या तिथेच. कारण या साध्वी वाहनात बसत नाहीत. कार नाही, रिक्षा नाही, जायचं ते पायी.

जयपूरची जुनी छतं दगडी पट्ट्यांची. एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर लांबलचक दगडी फळ्या टाकायच्या आणि वर चुन्याचा थर द्यायचा. महासतीजींच्या खोलीतल्या दोन पट्ट्या मधोमध तडकल्या होत्या. खाली लोखंडी टेके लावून मी वेळ मारून नेत होते. आधी पलीकडची खोली नंबर तीन दुरुस्त करायची, त्यांना तिकडे हलवायचं, मग यांचं छत उघडायचं, असा माझा प्लॅन. चातुर्मासाला तीन आठवडे उरले होते. तो एकदा बसला की साध्वी चार महिने मुक्काम हलवत नाहीत. आणि त्या टेक्यांच्या भरवशावर मी त्यांना पावसाळाभर ठेवणार नव्हते. तीन नंबरमध्ये नाही गेल्या तर मालवीय नगरातल्या उपाश्रयात (साध्वींच्या मुक्कामाच्या जागी) जावं लागलं असतं, म्हणजे दहा किलोमीटर. त्या गुडघ्यांवर.

खरं सांगते, मला आधी रागच आला. भर उन्हात उभं राहून करून घेतलेलं काम! गफूर चाचांनी, म्हणजे आमच्या चेजाऱ्यांनी (इकडे गवंड्याला चेजारा म्हणतात), भिंतींवर चुन्याचा गिलावा दगडानं घासून घासून आरशासारखा केला होता. मी तणतणत धाकट्या साध्वीजींना गाठलं. त्यांनी शांतपणे समजावलं. मुद्दाम त्यांच्यासाठी केलेली वस्तू त्यांना घेता येत नाही. गृहस्थानं स्वतःसाठी केलेल्या पोळ्यांतली अर्धी चालते, त्यांच्यासाठी लाटलेली चालत नाही. घराचंही तेच. त्यांच्याकरता चुना भिजवला, माती खणली, त्यात जीव मेले, तर तो दोष त्यांच्या माथी. हवेली चालते, कारण ती शेठजींनी स्वतःसाठी बांधलेली. आणि मग त्यांनी भिंतीवर लावलेल्या माझ्या ड्रॉइंगकडे बोट दाखवलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'साध्वी निवास'.

चूक माझीच. वर्षभर त्यांच्यात वावरले, सगळ्या भिंती मोजल्या, आणि राहणाऱ्या बाईंना एक प्रश्न विचारला नाही.

विद्यापीठाच्या इंजिनियरांना, एक्सईएन साहेबांना, यात काही अवघड वाटलं नाही. "मॅडम, खोडा ते आणि 'ग्रंथ भांडार' लिहा. शिक्का मी मारतो." वर हेही म्हणाले की खोली रिकामी राहिली तर ते परीक्षा विभागाची कपाटं आणून टाकतील. मी मुकाट्यानं नवीन शीट काढली आणि महासतीजींपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. "परवा तू सांगितलंस माझ्यासाठी. आज कागद सांगतो पुस्तकांसाठी. मी कोणाचं खरं धरू?"

मला इतकी लाज वाटली की शीट गुंडाळताही येईना. बाहेर गफूर चाचा हात धूत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग देऊन टाका कोणाला तरी. खरोखरची.

प्राकृतच्या अकरा मुली जिन्यात बसून अभ्यास करायच्या. मी त्यांच्या विभागप्रमुखांना लेखी देऊन टाकलं, की खोली नंबर तीन तुमचं वाचनालय. काही अट नाही. एक्सईएन साहेबांनी कपाळाला हात लावला, पण शिक्का मारला. मुलींनी दोन दिवसांत सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या, टाइमटेबल, सगळं आणून खोली अशी काबीज केली की आता यात आणखी कोणी मावेल असं मलाच वाटेना. महासतीजींना बोलवा, असं त्यांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर पुन्हा तेच नाटक. मी तोंडाला कुलूप लावलं. मला ते किती जड गेलं, माझ्या नवऱ्याला विचारा.

आठ-दहा दिवस गेले. त्यातली एक मुलगी रोज सकाळी महासतीजींकडे गाथांचे उच्चार शिकायला जायची. झोटवाड्याहून दोन बस बदलून येणारी, जिभेला हाड नसलेली. एक दिवस ती तरातरा माझ्याकडे आली आणि मलाच झापलं. वर पट्टी तडकलीय, पुस्तकावर चुना पडतोय, आणि तुम्ही महाराजांना तिथे ठेवलंय? मी म्हटलं, बाई गं, दुसरी खोली माझ्या हातात नाही. तीन नंबर तुमची आहे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा जणी महासतीजींच्या दारात. आम्हाला अर्धी खोली पुरते, म्हणाल्या, अर्ध्यात तुम्ही राहा. महासतीजींनी उलटतपासणी घेतली. मॅडमनं सांगितलं का? नाही. तुमचं वाचन बंद होणार का? नाही. मग त्या म्हाताऱ्या बाईंनी त्या पोरींपुढे रीतसर हात जोडले आणि विचारलं, "तुमची आज्ञा आहे?" जागेच्या मालकाची आज्ञा घेतल्याशिवाय त्या कुठेच राहत नाहीत. झोटवाड्याची ती वाचाळ मुलगी रडायलाच लागली.

पुन्हा चाळीस पावलं. उंबऱ्याशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता सांग, कोणासाठी बनवलीस?"

"बनवली तुमच्यासाठीच होती," मी म्हटलं. "पण दिली यांना. खरीच दिली."

मुहपत्तीमुळे ओठ दिसत नव्हते, पण डोळे हसले. त्यांनी पाऊल आत टाकलं.

जुन्या खोलीच्या पट्ट्या आम्ही दिवाळीपर्यंत बदलल्या. मी जाऊन विचारलं, परत जाता का? (आता मी आधी विचारते.) त्या म्हणाल्या, मुलींचे उच्चार अजून कच्चे आहेत. म्हणून जुन्या खोलीत आता परीक्षा विभागाची कपाटं आहेत. आणि माझ्या ड्रॉइंगवर तेव्हापासून खोल्यांचे फक्त नंबर असतात.