हट्टी एक्क्याण्णव

साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं पॅकिंग केलेल्या या बाईला सगळे भागाकारबाई म्हणत, आणि तिला ते फार आवडे. वड्यांचा आकडा कानावर पडला की बाई सुरू: दोनने जातो? तीनने? पाचने? बहात्तर म्हणायचा अवकाश, ‘आठ ओळी, नऊ-नऊच्या!’ एकही वडी उरली नाही की स्वारी खूश. काही आकडे मात्र कुणालाच दाद देत नाहीत; एकाने आणि स्वतःनेच काय तो भाग जातो. त्यांना ती हट्टी म्हणे. एकोणनव्वद, एक्क्याण्णव, सत्त्याण्णव ही हट्टी मंडळी तिला तोंडपाठ होती.

निवृत्त झाली आणि त्याच वर्षी लेकीला दिवस गेले. मग काय, बाईच्या उत्साहाला ऊत आला. बाळासाठी लोकरीचं पांघरूण करायचं, त्यात घरच्यांनी आणि पॅकिंगच्या मैत्रिणींनी एकेक चौकोन विणायचा. एका माणसाचा एकच, तिचा स्वतःचाही. नव्वद जमले. नऊ ओळी, दहा-दहाच्या. बाई हवेत!

जोडायला बसणार तोच टपालाने एक पाकीट आलं. आत पिवळा चौकोन, एक कड वाकडी. सोबत चिठ्ठी: ‘बसला तर बसव.’

अक्षर नणंदेचं होतं. अकरा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या आजारपणात ती तोडून बोलली होती, ‘आमच्या घरात तू कुणाच्या खिजगणतीतही नाहीस.’ तेव्हापासून बोलणं बंद. आता हा चौकोन बाहेर ठेवला, तर ती पुन्हा कधी पाऊल पुढे टाकणार नाही, हे बाईला कळत होतं. राग होताच, पण त्या वाकड्या कडेवर तिची माया जडली.

“एक्क्याण्णव झाले हो. हट्टी आकडा!” ती नवऱ्याला म्हणाली.

“अगं, मग तुझा काढ.”

“म्हणजे आजी रजेवर होती म्हणून सांगू बाळाला?”

दुसऱ्याचा काढणं तर अशक्यच. तिने सगळे चौकोन पलंगावर ओतले आणि हट्टाने मांडायला घेतले. दोनने एक उरला, तीनने एक, पाचनेही एकच. मग सात-सातच्या ओळी. दहा झाल्या, अकरा, बारा. हातात सातच उरले. तिने तेरावी ओळ लावली, शेवटी कोपऱ्यात पिवळा ठेवला आणि रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

“तेरा साती एक्क्याण्णव!” ती ओरडली. नवरा चहा सांडत धावत आला.

कारखान्यातल्या खोक्यात एका बाजूला बारापेक्षा जास्त वड्या मावतच नव्हत्या. तेराची ओळ तिथे कुणी लावलीच नव्हती. बिचाऱ्या एक्क्याण्णवला खोकं मिळालं नाही, म्हणून बाईने तीस वर्षं त्याला हट्टी ठरवलं होतं! ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“जरा लांबुळकं झालंय,” नवरा म्हणाला.

“मूल काय आखूडच राहणार आहे?”

हसू ओसरायच्या आतच तिने फोन लावला. “वन्सं, बसला तुमचा.”

 पलीकडून बारीक आवाज आला, “वाकडा आहे गं तो.”

“आहेच वाकडा,” बाई म्हणाली. “पण तुम्हाला धरलं, तेव्हाच हिशोब पुरा झाला.”