धीरेजींचं संशोधन

मालगाडी येत असल्याचं धीरेजींना कानांआधी डोळ्यांनी कळायचं. आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये, कोपऱ्यातल्या दगडी कट्ट्यावर, दोन आरशांचं एक जुनं उपकरण होतं. त्यात प्रकाशाची एकच तिरीप दोन वाटांनी जाऊन परत एकत्र यायची आणि पडद्यावर काळे-उजळ पट्टे उमटायचे. ते पट्टे थरथरू लागले की धीरेजी म्हणत, "थांबा, गाडी जाऊ दे." आम्ही कान टवकारायचो, काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मग जरा वेळाने लांबून रुळांची धडधड यायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही आठवलं की येतो.

ते आमचे लॅब असिस्टंट. कुणी दार आपटलं, कुणी स्क्रू घाईने फिरवला, की त्यांचं ठरलेलं, "धीरे, धीरे." म्हणून साऱ्या कॉलेजात ते धीरेजी. मी तेवढी त्यांना अण्णा म्हणायची, कारण झाशीत ओरछा गेटजवळच्या आमच्याच गल्लीत ते राहायचे आणि गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं नि आमचं. लॅबमध्ये ते चपला दारात काढून नुसत्या मोज्यांवर वावरत. पट्ट्यांना पाऊल सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पळताना सोडाच, भरभर चालतानाही कुणी पाहिलं नव्हतं.

स्वतः ते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच थांबलेले. पण देशात कुठेही पीएच.डी.च्या जागा निघाल्या की जाहिरातीचा कागद लॅबच्या फळ्यावर लागलाच म्हणून समजा. माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी असाच एक कागद लागला. दक्षिणेकडच्या एका संस्थेत क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानात पीएच.डी., दरमहा फेलोशिप, राहायला वसतिगृह. अण्णांनी तो वाचून दाखवला आणि चष्मा काढला.

"बघ बेटा," ते म्हणाले, "जी गोष्ट जगात कुणालाच पुरती कळलेली नाही, तिच्यापाशी पाच वर्षं बसायचं. आणि बसणाऱ्याच्या पोटापाण्याची काळजी दुसऱ्यांनी घ्यायची. असंही असतं दुनियेत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तोवर पीएच.डी. म्हणजे श्रीमंतांच्या मुलांनी नोकरी लागेपर्यंत करायची गोष्ट, एवढीच माझी अक्कल. त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की आपण केवढ्या मोठ्या दारासमोर उभे आहोत.

बाबांची अट सरळ होती. "फेलोशिप मिळाली तर खुशाल जा, मी अडवणार नाही. नाही मिळाली तर चिरगावच्या शाळेतली नोकरी धर." शाळेने जागा धरून ठेवली होती. बाकीच्या ठिकाणच्या तारखा माझ्या आळसापायी उलटून गेल्या होत्या. म्हणजे हा एक अर्ज, नाहीतर रोजची चिरगावची बस.

शेवटच्या दिवशी सकाळी, बाबा दुकानात जायच्या आत, त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी घालून मी अर्ज पाठवून टाकला. मुदत संध्याकाळी पाचची. दुपारी प्रिंट काढायला लॅबमध्ये गेले. अण्णांना वाचायला बरं पडावं म्हणून साइट हिंदीत उघडून दिली आणि चहा आणायला खाली उतरले. परत येऊन बघते तर पडद्यावर लाल अक्षरं, 'आवेदन अपूर्ण'.

"अण्णा, हे काय झालं?"

"अगं, तुझं संशोधन राहिलं होतं ना. हे बटण बघ. म्हटलं, मुख्य जागाच रिकामी सोडली पोरीनं."

बटणावर खरोखरच 'संशोधन' लिहिलं होतं. आता हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. जन्मभर हिंदीत नोकरी-बाजार केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण तो अर्ज ते मनातल्या मनात मराठीत वाचत होते. पाठवलेला अर्ज दुरुस्तीसाठी उघडला गेला होता, आणि पुन्हा पाठवायचा तर पुन्हा ओटीपी हवा होता. बाबांचा फोन दुकानात असताना कायम ड्रॉवरमध्ये, आवाज बंद करून. मी चार वेळा लावला. तोवर चार वाजून गेले होते.

मी अण्णांवर ओरडले. नको ते बोलले. त्या लॅबमध्ये एवढ्या मोठ्याने कधी कुणी बोललं नसेल. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण 'धीरे' म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "बाबा दतिया गेटच्या दुकानातच ना?" आणि दारात वळून म्हणाले, "मी पोचून फोन करतो, मग ओटीपी मागव. तोवर उघडलंच आहे तर नीट वाचून घे एकदा."

खिडकीतून पाहिलं तर धीरेजी पळत होते. मोज्यांवर, चपला दारातच विसरून. फाटकावरचा चौकीदार उभा राहून बघतच राहिला.

मी अर्जातलं माझं निवेदन वाचायला बसले. 'मला लहानपणापासून क्वांटम विज्ञानाची आवड आहे.' धादांत खोटं. लाज वाटली, आणि सगळं पुसून टाकलं. मग आमच्या लॅबमधल्या पट्ट्यांबद्दल लिहिलं. लांबून जाणाऱ्या मालगाडीने ते विस्कटतात, तर प्रकाशाचा एकेक कण घेऊन काम करायचं तर त्याला जगाच्या धक्क्यांपासून जपायचं कसं, हे मला माहीत नाही, आणि या प्रश्नापाशी मला बसायचं आहे, असं लिहिलं. इतकं खरं मी त्याआधी कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं.

फोन वाजला. बाबांच्या नंबरवरून अण्णा. धाप एवढी लागलेली की एकेका आकड्यानंतर श्वास घेत होते. माझी बोटं भलत्याच ठिकाणी पडत होती. "धीरे, बेटा," ते म्हणाले, "धीरे." सहावा आकडा पडला आणि अर्ज गेला. पाचला सात मिनिटं कमी होती.

मुलाखतीत संस्थेच्या लोकांनी मला जवळजवळ फक्त मालगाडीबद्दल विचारलं. मी निवडले गेले.

मी गेल्यावर अण्णांनी गल्लीभर सांगून ठेवलं की पोरगी संशोधनाला गेली आहे. दोन वर्षं झाली तरी मी परत येत नाही म्हटल्यावर शेजारच्या गुप्ताजींनी त्यांना गाठलं. "अण्णाजी, बिटिया का संशोधन अब तक चल रहा है? गलती इतनी बड़ी थी क्या?"

"बड़ी है, भैया," अण्णा शांतपणे म्हणाले. "हम सबकी है."

ही गोष्ट बाबा दर फोनला सांगायचे आणि दर वेळी हसायचे. मी हसायची नाही. एवढ्या थोड्या शब्दांत मला माझं काम आजवर कुणी समजावलेलं नाही.

इथल्या आमच्या लॅबमधलं प्रयोगाचं टेबल हवेच्या गादीवर तरंगतं, बाहेरचा धक्का पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. इथे बूट काढायची गरज नसते. तरी मी काढते. सोबतची मुलं हसतात, हसू देत.

गेल्या महिन्यात सकाळी बाबांचा फोन आला. अण्णा रात्री झोपेतच गेले. मी तशीच लॅबमध्ये आले. दिवा लावला, पट्टे उमटले, काळे-उजळ, रेखीव. मी मोज्यातला पाय फरशीवर एकदा आपटला, मग जरा जोरात आपटला. झाशीला कुणी नुसतं दारातून आलं-गेलं तरी पट्ट्यांना कळायचं. इथे अण्णा गेले, आणि पट्टे जागचे हलले नाहीत.