ओळीतलं गवत

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अभयारण्यात वनपाल आहे आणि माझं प्रत्येक काम यादीने सुरू होतं. कुरण साफ करायची यादी मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी केली. चौदा बाया, हातमोजे, प्यायचं पाणी, सावलीला ताडपत्री, आणि वाघावर नजर ठेवायला काठी घेतलेला एक वनरक्षक. यादी वाचून दाखवली तेव्हा शेवटच्या बाबीवर बाया पोटभर हसल्या.

काम साधं होतं. कुरणात तरोटा, म्हणजे टाकळ्याचं तण, माजला होता, पिवळी फुलं आली होती. शेंगा तडकून बी पडलं की पुढच्या वर्षी गवत उरत नाही. गवत नसलं की चितळं हद्दीबाहेरच्या सोयाबीनमध्ये जातात आणि त्यांच्या मागे वाघ. ते सोयाबीन याच बायांचं. म्हणून शेंगा धरायच्या आत तरोटा जायला हवा होता.

कुरण म्हणजे पूर्वीची वावरं, तांड्याची शेतं. इथला बंजारा तांडा काही वर्षांपूर्वी अभयारण्याबाहेर वसवला. बाया त्याच तांड्यातल्या. त्यांत सगळ्यांत वयस्कर होत्या त्यांना सगळे याडी म्हणत; बंजारांच्या गोरबोलीत आई. आल्या आल्या याडी मोहाच्या एका झाडाखाली गेल्या आणि तिथून खाली बसून कामाला लागल्या. मोहापासून नाल्यापर्यंतचं वावर त्यांचं होतं.

मी पाणवठ्यावर गेले. तिथला सौरपंप बंद होता. तो बघणं त्या दिवशीच्या यादीत होतं. परत आले तेव्हा याडींचा पट्टा लख्ख झाला होता. पवन्या, मारवेल, सगळं गवत मुळासकट उपटून बांधावर रचलेलं. मधे तरोटा डोलत होता.

"याडी, हे काय केलंत?"

"निंदलं."

"गवत ठेवायचं होतं. तरोटा काढायचा होता."

"तरोट्याची तं भाजी होते, मॅडम. भाजी कोणी उपटून फेकते का?"

बाकीच्या बायांनी वनरक्षकाला विचारून तरोट्यालाच हात घातला होता. त्यांतली एक म्हणाली, "याडीले गवत दिसलं का हात चालते. डोक्याले इचारत नाही."

मी वही उघडली. काय उपटायचं, हे यादीत नव्हतं.

बाया हसल्या, याडी नाही. "ह्या वावरात म्या गवताची काडी टिकू नाही देली. आता इथं गवतच पायजे?"

"हो."

"कोणाले?"

"चितळांना. इथं खायला मिळालं नाही, तर ती तुमच्या सोयाबीनमध्ये येतील."

"ते तं आताच येऊन राह्यले."

त्यांनी ढिगाकडे पाहिलं. मग उठल्या. "ऊन चढाच्या आत परत लावा लागंल."

खुरप्याने खड्डा, खड्ड्यात गवताचा ठोंब, वर पायाने दाब. पुढचा ठोंब एक हात अंतरावर, सरळ ओळीत. मी सांगितलं, कुरणात ओळ लागत नाही, कुठेही लावा.

"कुठंही लावाले आमी का रानडुकरं आहो?"

मी वहीत लिहिलं: गवत लावणे, ओळीत.

पुढचे चार दिवस पाऊस आला नाही. बाया तरोटा उपटत सरकत होत्या. याडी रोज आधी नाल्यातून बादली भरून आपल्या ओळींना पाणी घालत आणि मग कामाला लागत. हे काम यादीत नव्हतं. पाचव्या दिवशी पाऊस आला. ठोंब तगले. शेंगा धरायच्या आत तरोटाही संपला.

पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे गवत ओळीत कसं उगवलं?"

"लावलंय, सर."

"कोणी?"

"वावरवालीने."

साहेबांनी फोटो काढला आणि पुढे गेले.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी कुरणात चितळं दिसली. मोहापासून नाल्यापर्यंत, ओळीने चरत होती. त्याच दिवशी नव्या तांड्यावर जाऊन मी याडींना सांगितलं. त्यांचं सोयाबीन कापणीला आलं होतं आणि उभं होतं. दोन कोपरे खाल्लेले होते, बाकी शाबूत.

"माह्या ओळी खाल्ल्या?"

"बुडापर्यंत."

त्यांनी विळा हातात घेतला, ठेवला. "खाऊ द्या. पण बुडं तेवढे राहू द्या म्हणा त्यायले."

मी म्हटलं, सांगते.