फळ्यावरची रिकामी ओळ

मंडळी, आज शाळेत गेले, पण शिकवता आलं नाही.

निजामपुऱ्यात माझ्या शाळेच्या वाटेवर इस्माईलचाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना आहे. शिफ्टच्या फळ्याच्या कोपऱ्यात चाचा एक शब्द लिहायचे. त्याचा अरबी आणि उर्दूतला अर्थ स्वतः लिहायचे, मराठीची ओळ माझ्यासाठी रिकामी सोडायचे. मी ती भरेपर्यंत पुढचा शब्द नाही, असा त्यांचा नियम.

काल शब्द होता 'फुरसत'. मी रिक्षातूनच म्हटलं, "चाचा, उशीर झालाय, उद्या लिहिते."

"लिहा सावकाश, बाई. फळा कुठं पळून जातोय?"

आज लूम बंद होते. दारात त्यांचा मोठा मुलगा उभा होता. "अब्बा पहाटे गेले, बाई. फळा मी कुणाला पुसू दिला नाही."

चाचांचं अक्षर तसंच होतं. अरबी: संधी. उर्दू: मोकळा वेळ. मराठीपुढे काहीच नाही.

त्याने खडू माझ्या हातात दिला. तो मुठीत घेऊनच मी शाळेत गेले.

आयुष्यभर हा शब्द मी 'नाही' लावूनच बोलत आले. आता त्या ओळीत काय लिहू, तुम्हीच सांगा.