घंटेवरचा हात

जगभरचे इतिहासकार एका छपराखाली आणणं आणि रुसलेले व्याही एका खोलीत बसवणं, दोन्ही सारखंच. घड्याळबाई हे काम वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. इतिहासकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या त्या सचिव. कचेरी म्हणजे एका ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यावरच्या दोन खोल्या. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, कपाटावर ओळखपत्रांच्या दोऱ्यांचा गुंता आणि बुटांच्या खोक्यात टेबलावर ठेवायचे देशोदेशींचे झेंडे. साऱ्या जगाला सनावळ्या शिकवणारी ही मंडळी स्वतःचा निबंध वेळेवर पाठवतील तर शपथ. एकदा एका युद्धाला एक देश ‘मुक्तिसंग्राम’ म्हणे आणि दुसरा ‘आक्रमण’. बाईंनी कार्यक्रमपत्रिकेत नुसतं साल छापून दोघांची तोंडं बंद केली, तर तिसरा उठून म्हणाला, सालच चुकलंय.

अशा भांडकुदळ लोकांना एकच गोष्ट बिनतक्रार मान्य होती, ती म्हणजे पितळेची घंटा. परिषदेत कुणीही बोलत असो, पहिल्यांदा वाजली की आवरतं घ्यायचं, दुसऱ्यांदा वाजली की वाक्य अर्धं टाकून खाली उतरायचं. पूर्वी ही घंटा त्या त्या सत्राच्या अध्यक्षाच्या हातात असे. बाई सचिव झाल्या आणि त्यांनी पहिला ठराव आणला तो हा, की यापुढे घंटा सचिवाकडे राहील. सगळ्यांना वाटलं, बाई शिस्तीच्या आहेत. त्यावरूनच त्यांना घड्याळबाई हे नाव पडलं. शिस्त बिस्त काही नव्हतं. बाईंनी डूख धरला होता.

डूख जुना होता. बाई तेव्हा तरुण होत्या, आणि नदीवरच्या नावाड्यांचा इतिहास लिहायला घाटाघाटावर हिंडल्या होत्या. म्हाताऱ्या नावाड्यांच्या तोंडून गोष्टी काढता काढता त्यांच्या पायांना घट्टे पडले. निबंध परिषदेत स्वीकारला गेला, तेव्हा आई हट्टाने सोबत आली. सभेतल्या भाषेतलं आईला अक्षर कळत नव्हतं, पण लेक बोलणार म्हणून ती नव्या चपला घालून पहिल्या रांगेत बसली. सत्राचे अध्यक्ष होते सर. सरांचं तेव्हा मोठं नाव होतं, आणि जीभ त्याहून मोठी. बाईंनी प्रस्तावना संपवून मुद्द्याला हात घातला, तेवढ्यात सरांनी घंटा वाजवली. पहिली आणि दुसरी, एकापाठोपाठ एक. वेळ संपली नव्हती. सरांना कंटाळा आला होता.

“एव्हाना नावाडी किनाऱ्याला लागले असतील,” सर म्हणाले. “चला, चहा तयार आहे.”

सभागृह खो खो हसलं. बाई कागद गोळा करून खाली उतरल्या. आईने विचारलं, “संपलं का गं?”

“हो.”

“मला वाटलं, आत्ताच सुरू झालं.”

आईने लेकीचं ऐकलेलं भाषण ते एवढंच. पुढच्या परिषदेपर्यंत ती राहिली नाही. बाईंनी पुन्हा कधी निबंध वाचला नाही. त्या संघटनेच्या कचेरीत शिरल्या, पत्रं टाइप करण्यापासून सुरुवात केली, आणि पायरी पायरीने त्या घंटेपर्यंत पोहोचल्या.

त्यांच्या धाकट्या भावाला हे सगळं ठाऊक होतं. बाई राहायच्या त्याच्याच घरी. तो म्हणायचा, “ताई, सुंभ जळला तरी तुझा पीळ काही जात नाही. सोड ना आता. ते विसरलेसुद्धा असतील.”

“विसरले असतील तर आठवण करून देईन,” बाई म्हणायच्या आणि पोळीचा तुकडा असा मोडायच्या की भावजय विषय बदलायची.

सर मात्र हातात येईनात. मोठा माणूस, तो कशाला आपला निबंध घेऊन घंटेखाली उभा राहतोय? शेवटी बाईंनी डाव टाकला. संघटनेच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी सरांचंच नाव पुढे केलं. देशोदेशींच्या समित्यांना फोन करून, गोड बोलून, कुणाची नाराजी काढून, कुणाला पुढच्या परिषदेचं गाजर दाखवून मतं गोळा केली. सर निवडून आले. भाऊ चक्रावला. “शत्रूला कुणी असं घोड्यावर बसवतं का?”

“घोड्यावर बसवल्याशिवाय पाडता कसं येईल?” बाई म्हणाल्या. निवृत्त होणाऱ्या अध्यक्षाने निरोपाचं भाषण करायचं, ही संघटनेची रीत. आणि घंटा त्यालाही लागू. अर्ध्या वाक्यात वाजवायची, आणि सरांचंच वाक्य सरांना परत करायचं: चला, चहा तयार आहे. बाईंनी ते इतक्या वेळा मनात घोकलं होतं की भाजी घेतानाही ओठ हलायचे.

सरांची मुदत संपत आली तसं काहीतरी बिनसलेलं दिसायला लागलं. बैठकीत मंजूर झालेला विषय सर पुन्हा चर्चेला घ्यायचे. कोषाध्यक्षांना त्यांच्याआधीच्या कोषाध्यक्षाच्या नावाने हाक मारायचे. एकदा ते कचेरीच्या जिन्यात उभे राहिले आणि वर जायचं की खाली, हेच त्यांना सुचेना. उपाध्यक्षांनी बाईंना बाजूला घेतलं. “भाषणाऐवजी संदेश वाचून दाखवला तर? मी वाचेन.”

“रीत मोडायची नाही,” बाई ताडकन म्हणाल्या. तोंडचा घास असा सोडतंय कोण!

परिषदेच्या सकाळी सरांची बायको घंटेच्या टेबलाशी आली. बारीक चणीची, हातात सरांचा मफलर. “तुम्ही वेळेच्या पक्क्या आहात ना,” ती म्हणाली, “म्हणून मी निर्धास्त आहे.” बाईंनी मान हलवली. ओळखपत्रांचा गोंधळ चालला होता, त्यांनी त्यावर फार विचार केला नाही.

सभागृह भरलं. सर उभे राहिले. आवाज अजून तसाच होता, घुमणारा. सुरुवात झकास झाली. मग सर हसले आणि म्हणाले, “एक गंमत सांगतो. एकदा एक मुलगी नावाड्यांवर बोलत होती. लांबण लावली होती नुसती. मी घंटा वाजवली आणि म्हटलं, एव्हाना नावाडी किनाऱ्याला लागले असतील!”

सभागृह हसलं. ते विसरले नव्हते! इतकी वर्षं हा माणूस जेवणानंतर पाहुण्यांना हा विनोद वाढत आला होता, आणि ती मुलगी शेजारच्या टेबलाशी बसली आहे याचा त्याला पत्ताही नव्हता. बाईंनी घंटेच्या मुठीवर हात ठेवला.

सरांनी पान उलटलं. “एक गंमत सांगतो,” ते म्हणाले. “एकदा एक मुलगी नावाड्यांवर बोलत होती.”

या वेळी हसू तुटक आलं. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंच्या लक्षात सगळं आलं, लख्ख. आता घंटा वाजवली तर लोक म्हणतील, वेळ संपली. सर ताठ मानेने खाली उतरतील. आता घंटा म्हणजे दया होती.

बाईंनी मुठीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

“एक गंमत सांगतो,” सर म्हणाले.

कुणी हसलं नाही. सर थांबले, हसण्याची वाट पाहू लागले. हशा आला नाही, तेव्हा त्यांनी कागद खाली-वर केले आणि पुन्हा त्याच मुलीपासून सुरुवात केली. पहिल्या रांगेतून त्यांची बायको बाईंकडे बघत होती. अशाच खुर्चीवरून, अशाच नजरेने आई बघत होती. बघू दे, बाईंना वाटलं. आणि बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला? जिभेवर साखर ठेवल्यासारखं बरं वाटलं.

मग बायको उठली. मंचाच्या पायऱ्या चढली, बाईंच्या पुढ्यातली घंटा उचलली आणि हलकेच वाजवली. “चला,” ती सरांना म्हणाली, “चहा तयार आहे.” सर खुशीत हात हलवत तिच्याबरोबर उतरले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

चहाच्या टेबलांशी बाईंभोवती गर्दी झाली. उपाध्यक्षांचे डोळे पाणावले होते. “काय मान राखलात त्यांचा! घड्याळबाई, आज पहिल्यांदा तुम्ही घंटा वाजवली नाहीत.” बाई नुसत्या हसल्या.

गर्दी पांगल्यावर सरांची बायको आली. घंटा तिच्याच हातात राहिली होती. ती तिने बाईंच्या बशीशेजारी ठेवली.

“त्या दिवशी तुमच्या आईच्या हातात चहा मी दिला होता,” ती म्हणाली. “त्यांनी तो प्यायला नाही. तसाच ठेवून दिला.”

“तुम्ही ह्यांच्यासाठी मतं मागायला लागलात, तेव्हाच मी ओळखलं होतं, की ही बाई ह्यांना मधेच थांबवायला आणतेय. डॉक्टर म्हणत होते, मंचावर जाऊ देऊ नका. मी म्हटलं, जाऊ दे, बोलायची हौस आहे त्यांना. ती घंटा वाजवेल. पहिल्या चुकीआधीच वाजवेल.” तिने मफलरची घडी पुन्हा घातली. “तुमच्या रागावर माझा भरवसा होता हो.”

पलीकडे सर कुणाला तरी नावाड्यांची गंमत सांगत होते. ती त्यांना घ्यायला गेली. बाईंच्या हातातला चहा निवून गेला होता. त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला.